फ्रिजमधला देवदार

प्रणिताच्या घरात दोन फ्रिज होते. एकात दूध, भाजी, इडलीचं पीठ. दुसऱ्यात टास्मानिया.

हा दुसरा फ्रिज तिने एका बंद पडलेल्या कॉफीशॉपकडून जुनाच घेतला होता. शीतपेयं ठेवतात तसला, उंच, काचेच्या दाराचा. दारावरचं बिअरचं स्टिकर खरवडून काढायचा तिने प्रयत्न केला होता, ते अर्धं तसंच राहिलं होतं. आत बारा अंशांवर, पांढऱ्या दिव्यांखाली, एका ट्रेमध्ये वीतभर उंचीची नऊ रोपं. हा फ्रिज आल्यावर माझी मुलगी ऋग्वेदा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा मोठ्या आशेने त्या फ्रिजकडे धावली आणि तोंड पाडून परत आली. "मम्मा, नो कोक लाह! ओन्ली प्लांट!" प्रणिताचा नवरा रुचिर त्या रोपांना 'तुझी कोथिंबीर' म्हणायचा. मनात काही वाईट नसायचं, पण तोच विनोद दोन वर्षं ऐकायला लागला की हसणाऱ्याचेही गाल दुखतात.

मी विनीता. सिंगापूरमध्ये, सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये ती आठव्या मजल्यावर, मी सहाव्या. लिफ्टमध्ये ओळख झाली. भर दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना ही बाई हातात जाड लोकरी स्वेटर घेऊन उभी. मी खवचटपणे विचारलं, "काश्मीरला का?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "नाही हो ताई, ऑफिसला." तिचं ऑफिस म्हणजे युनिव्हर्सिटीतली, रोपं वाढवायची एक थंड खोली होती. दिवसातून कितीतरी वेळा ती त्या गारठ्यातून बाहेरच्या उकाड्यात यायची आणि पुन्हा आत जायची. त्यामुळे तिचं नाक बाराही महिने वाहत असे.

मूळची सांगलीची. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. पुण्यात, मग दोन वर्षं ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, मग लग्न. रुचिर पाया लेबारला एका आयटी कंपनीत, म्हणून तिनेही सिंगापूरमध्ये पोस्टडॉक शोधलं आणि २०१४ साली इथे आली. मराठी मंडळात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच. थंडीतलं जंगल शिकायला सिंगापूरला? वर हशा. सुरुवातीला ती नीट समजावून सांगायची. पुढे पुढे "हो ना, गंमतच आहे" म्हणून उपम्याच्या प्लेटकडे वळायची. मला या लोकांचा राग यायचा. स्वतः काय करतात विचारलं तर 'क्लाउड' म्हणतात आणि आपण गुपचूप मान डोलवतो.

मला मात्र तिने सगळं सांगितलं. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी म्हणजे इथली गोड कॉफी पिताना. म्हणाली, वर्षावन म्हटलं की लोकांना उकाडा, वेली आणि माकडंच दिसतात. पण थंड प्रदेशातही अशी रानं असतात. समुद्राकडून ढग येतात, वर्षभर पाऊस झिमझिमत राहतो, आणि जमिनीपासून फांद्यांपर्यंत सगळं शेवाळाने मढलेलं असतं. पडलेल्या ओंडक्यावर नवी रोपं उगवतात. तिची झाडं तिथलीच, किंग बिली पाइन नावाची. नुसतं नावात पाइन. हजार-हजार वर्षं जगतात आणि वाढतात इतकी सावकाश की माणसाचा जीव खालीवर व्हावा. पाच-सहा वर्षांतून एखाद्याच वर्षी भरपूर बी धरतं, आणि ते पडतं आईच्या पायाशीच, लांब जातच नाही. "त्यांना पाण्याची सवय आहे, ताई. आगीची नाही. एकदा आग लागली की ती परत येत नाहीत."

ओल्या रानाला आग कशी लागते ते मला कळेना. ते कळलं २०१५च्या सप्टेंबरमध्ये, जेव्हा पलीकडच्या इंडोनेशियातल्या आगींचा धूर आमच्या खिडक्यांत येऊन बसला. शाळा बंद, तोंडाला मास्क, घरभर जळकट वास. प्रणिता म्हणाली, "तिथे नुसती झाडं नाही जळत. खाली पीट असतं, म्हणजे कुजलेल्या पाल्याचे थरच्या थर. एकदा वाळले की जमीनच जळते, आतल्या आत, महिनोन् महिने. टास्मानियात नेमकी हीच भीती आहे." तिथे हल्ली कोरडी वादळं येतात म्हणे, पाऊस नाही आणि विजा मात्र पडतात.

पुढच्या जानेवारीत तसंच झालं. टास्मानियात विजा पडल्या आणि जंगलं आठवडेच्या आठवडे जळत राहिली. प्रणिताची एक छोटीशी दरी होती. तिची म्हणजे, टास्मानियातल्या दोन वर्षांत तिने जिथे पाठीवर पिशवी टाकून बी गोळा केलं होतं ती. तिथून कुणीतरी फोटो पाठवला. राखाडी उतार आणि उभे पांढरे बुंधे. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "इथे मी पावसात डबा खाल्ला होता." 

त्या दिवसापासून ट्रेमधल्या नऊ रोपांची किंमत बदलली. ती उगवली होती त्याच दरीतल्या बियांतून. उष्णता कितपत सोसतात हे पाहायला आणलेली रोपं आता त्या कुळाची उरलेली पोरं झाली. टास्मानियातल्या एका रोपवाटिकेने कळवलं की ती परत पाठवा, आम्ही वाढवू, त्यांच्यापासून बी धरू आणि पुढेमागे दरीत लावू. पुढेमागे म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. पण परदेशातून झाड नेणं सोपं नसतं. परवानग्या काढता काढता ऑगस्ट उजाडला. रोपं निरोगी हवीत, कीड नको, बुरशी नको, आणि सगळा ट्रे एकच खेप म्हणून तपासला जाणार. तपासणी ठरली गणपतीनंतरच्या आठवड्यात. नेमकी तेव्हाच प्रोजेक्टची मुदत संपत आली आणि थंड खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली. म्हणून तो बिअरवाला फ्रिज घरी आला. मधले थोडे दिवस सांभाळायचे, एवढंच काम होतं.

आणि त्याच थोड्या दिवसांत श्रीनिवासकाका आले.

काका म्हणजे रुचिरचे वडील. टपाल खात्यातून निवृत्त, चौऱ्याहत्तर वर्षांचे, सडसडीत, अतिशय प्रेमळ आणि देवाच्या बाबतीत अतिशय हट्टी. पूजेत एखादी वस्तू नसली की 'त्याऐवजी अक्षता वाहाव्यात' ही सोय आहेच, पण काकांना ती पळवाट वाटे. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहायची तर एकवीसच. पुण्यात ते भल्या पहाटे टेकडीवर जाऊन आघाडा, रुई, डोरली, अर्जुन सगळं शोधून आणत. फक्त एक पान त्यांना आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. देवदार. तो त्यांनी पाहिला होता तो खोक्यांच्या फळ्यांच्या रूपात, नाहीतर हिमालयाच्या कॅलेंडरवर. दरवर्षी 'देवदारपत्रं समर्पयामि' म्हणताना त्यांना अक्षता वाहाव्या लागत आणि दरवर्षी ते जेवताना त्याची हळहळ करत. हे रुचिरने मला हसत हसत सांगितलं होतं.

सिंगापूरमध्ये तर त्यांची पंचाईतच झाली. लिटिल इंडियात दूर्वा, तुळस, बेल, मरवा मिळाला. ब्लॉकखाली फुललेली कण्हेर दिसली तर रुचिर ओरडला, "बाबा, हात लावू नका, दंड होतो!" काका हिरमुसले. दिवसभर मुलगा ऑफिसात, सून युनिव्हर्सिटीत सामानाची आवराआवर करत, आणि हे एकटे फ्लॅटमध्ये. समोर काचेच्या फ्रिजमध्ये दिवे लावलेली रोपं. छोटी, गडद हिरवी, खवल्यासारख्या टोकदार पानांची. थंडीत राहणारी. एकदा त्यांनी रुचिरला विचारलंही होतं, हे कसलं झाड. रुचिर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला होता, "पाइनसारखं काहीतरी. थंड हवेचं."

चतुर्थीच्या सकाळी प्रणिता लॅबच्या किल्ल्या परत करायला गेली होती. मी घरचा गणपती बसवत होते, इतक्यात काका दारात. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर बोटभर लांबीचा हिरवा शेंडा. चेहरा असा उजळलेला की मी विचारलंच, "काका, लॉटरी लागली का?" ते म्हणाले, "देवदार! विनीता, देवदार मिळाला!" मी भक्तिभावाने तो वाहिला. वर फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, 'यंदा पत्रीत देवदारसुद्धा!' पंचेचाळीस जणांनी हात जोडले. तो देवदार कुठून आला, हा प्रश्न त्यातल्या एकालाही पडला नाही, आणि मलाही नाही.

दुपारी आरतीला मी आठव्या मजल्यावर गेले. रुचिर तबक फिरवत होता, काका खड्या आवाजात म्हणत होते, प्रणिता घाईघाईने हातपाय धुऊन येऊन टाळ्या वाजवायला लागली. तिची नजर पत्रीच्या ढिगाकडे गेली तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. टाळ्या थांबल्या नाहीत, फक्त त्यांचा आवाज येईना. हात नुसते जवळ येत होते आणि लांब जात होते. आरती पूर्ण होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग प्रसादाला न थांबता आत गेली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. नऊपैकी पाच रोपांना शेंडे नव्हते.

"बाबा, हे तुम्ही घेतलेत?"

"तुला सांगणारच होतो," काका आनंदाने म्हणाले. "तुझ्या हातचा देवदार देवाला गेला बघ. एकेक शेंडाच घेतला हो, मुळाला धक्का नाही लावला. आधी नमस्कार केला, मग घेतला. एक आपला, एक विनीताचा, एक चोआ चू कांगला मंडळातल्या उल्हासकडे पाठवला, आणि खालच्या दोन घरी."

"अहो बाबा, विचारायचं तरी!" रुचिर म्हणाला.

"विचारायला ती घरी कुठे असते?" काका म्हणाले. रागाने नाही. खरंच तसं होतं म्हणून.

प्रणिता म्हणाली, "बाबा, हा देवदार नाही."

"मग काय आहे?"

तिने तोंड उघडलं. मला सांगितलेली ती दरी, तो पाऊस, ती आग, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आणि तसंच परत गेलं. "पानं वाढते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी मोदकांच्या कळ्या सुरेख साधल्या होत्या. कुणाला गोड लागले नाहीत. मला स्वतःचा, त्या फोटोचा, त्या पंचेचाळीस जोडलेल्या हातांचा इतका संताप आला होता की मी दुसरा मोदक घेतलाच नाही.

रुचिरने नंतर आतल्या खोलीत वडिलांना सगळं सांगितलं. संध्याकाळी काका माझ्याकडे आले. सकाळचे काका नव्हतेच ते. म्हणाले, "विनीता, तो शेंडा परत देतेस? देवाची क्षमा मी मागतो." मी पत्रीतून काढून दिला. त्यांनी तो ओल्या रुमालात घेतला आणि फार हळू आवाजात विचारलं, "आंब्याचं कलम करतात ना गं, तसा हा परत जोडता नाही का येणार?"  मला झाडातलं काही कळत नाही. मी त्यांना बसवलं आणि चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

प्रणिताने जमेल ते केलं. जखमांना औषध लावलं, पाणी कमी केलं. पण बंद, दमट फ्रिजमध्ये ताज्या कापांवर चारच दिवसांत बुरशीची करडी लव दिसायला लागली. तपासणीला आलेला अधिकारी सभ्य होता. भिंगातून बराच वेळ पाहिलं, सॉरी म्हणाला, आणि पूर्ण खेप नाकारली. ज्या चार रोपांना कुणी हातही लावला नव्हता तीसुद्धा. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. प्रणिता तो ट्रे थंड पेटीत घालून, पेटी मांडीवर घेऊन एमआरटीच्या मेट्रोने घरी आली.

मी ब्लॉकखालच्या बाकावर तिची वाट पाहत होते. ती शेजारी येऊन बसली. वर जायला उठेना.

"भांड ना एकदा त्यांच्याशी," मी म्हणाले. "मोकळी तरी होशील."

"भांडायला त्राण नाही, ताई. आणि काय म्हणू? घरात, लॅबमध्ये, मंडळात, कुणी त्या रोपांकडे धड पाहिलं नाही. नमस्कार केला तो त्यांनी एकट्याने." तिने डोळे मिटले. "तीन देश फिरले मी या झाडांपायी. मला आता नुसतं झोपायचंय."

काका ठरल्यापेक्षा लवकर परत गेले. जाताना तिला म्हणाले, "प्रणिता, माझ्यामुळे." ती म्हणाली, "असू द्या, बाबा."  वर्षभर पुण्याहून दर रविवारी फोन यायचा. काका विचारायचे, बरी आहेस ना, जेवलीस का. रोपांचं नाव त्यांनी काढलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

बुरशीने ती पाचही रोपं गेली, शेजारचं सहावंही गेलं. उरली तीन. डिसेंबरात तिचा करार संपला आणि पुढचा मिळाला नाही. तिने पाया लेबारला एका कंपनीत नोकरी धरली, दुसऱ्या कंपन्यांच्या वीजवापराचे अहवाल करायची. पगार चांगला होता. स्वेटर लागत नसे. सर्दीसुद्धा गेली. पण रोज घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती फ्रिजपाशी जायची. रुचिरने कोथिंबीर म्हणणं बंद केलं होतं. एकदा वीज गेली तेव्हा तोच धावत खाली जाऊन बर्फाच्या पिशव्या घेऊन आला.

तिने परवानगीचा सगळा खटाटोप पुन्हा केला, नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. २०१७च्या जूनमध्ये ती तीन रोपं तपासणीत पास झाली आणि विमानाने गेली. मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "कीड नाही याची खात्री होईपर्यंत अजून तिथल्या बंदिस्त काचघरात काढायचेत दिवस." जुलैत मेल आली, एक गेलं. ऑगस्टमध्ये दुसरंही. फ्रिज रिकामाच चालू होता. बंद का करत नाहीस असं मी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्येच होते. काका आले नाहीत, या म्हटलं तरी आले नाहीत. पूजा मात्र त्यांनीच सांगायची असं ठरलं, व्हिडिओ कॉलवर. फोन पाटाशेजारी तांब्याला टेकवून ठेवला होता. पुण्याच्या घरात काका चष्मा लावून पोथी धरून बसलेले. रुचिर पूजेला, शेजारी प्रणिता पत्री हातात देत होती. मी मागे बसले होते. काका एकेक नाव घेत, इथे एकेक पान वाहिलं जाई. आवाज गेल्या वर्षीपेक्षा खोल गेला होता.

"सुराग्रजाय नमः," काका म्हणाले आणि थांबले.

आम्हा सगळ्यांना माहीत होतं पुढे काय येतं ते. रुचिरने बायकोकडे पाहिलं नाही. पंख्याचा आवाज येत राहिला, इथल्याही आणि तिथल्याही.

"देवदार," काका शेवटी म्हणाले. "त्याऐवजी अक्षता वाहा. पुरेत अक्षता."

प्रणिताने वाटीतून अक्षता घेतल्या, पण रुचिरच्या हातात दिल्या नाहीत. मूठ तशीच मिटून ती फोनकडे वाकली. "बाबा, तीन रोपं गेली होती परत, टास्मानियाला. तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यातलं एक जगलंय. काचघरातून बाहेर काढलं त्याला. सकाळीच फोटो आलाय, नवी पालवी आहे."

पडद्यावरून काका नाहीसे झाले. छत आणि फिरता पंखा दिसायला लागला. "नेटवर्क गेलं वाटतं," रुचिर म्हणाला. नेटवर्क गेलं नव्हतं. नाक ओढल्याचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. प्रणिताच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात पत्रीचं ताट असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मी पदराने पुसलं. मग तिने स्वतःच हात पुढे करून त्या अक्षता देवाच्या पायाशी वाहिल्या.

बऱ्याच वेळाने पंख्याच्या जागी पुन्हा चष्मा आला.

"भालचंद्राय नमः," काका म्हणाले.  "मरवा मिळालाय का?"

"मिळालाय, बाबा."

"मग वाहा."